डाव वाढवायचा कधी?

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. आमच्या तळेघरला पाऊस एकदा लागला की लागतोच. लाईट गेलेली, पत्र्यावर एवढा आवाज की शेजारी बसलेलीचं बोलणं ऐकू येईना. बचत गटाची महिन्याची बैठक माझ्याच पडवीत भरली होती. हजेरी झाली, बचत गोळा झाली आणि कर्जाचे अर्ज वाचायला घेतले. पहिलाच अर्ज माझ्या धाकट्या जाऊबाईंचा. रक्कम ४० हजार. कारण : शेळीपालन.

बायकांनी माना डोलावल्या. जाऊबाईंची परतफेड गटात सगळ्यांत चोख. आधीची तीन कर्जं तिने एकही हप्ता न चुकवता फेडली होती. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. पण कंदिलाच्या उजेडात मी तिच्याकडे पाहिलं, तर ती माझ्याकडे बघेना. पंचवीस वर्षं एका घरात काढलेल्या बाईची नजर कळते हो! मी म्हटलं, "हा अर्ज पुढच्या बैठकीला घेऊ." अर्ज मागे ठेवला म्हणून कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांना नवल वाटलं असणार.

रात्री भांडी आवरताना ती आपणहूनच बोलली. "ताई, शेळ्या नाहीत घ्यायच्या. पोराला पाहिजेत पैसे."

"कशाला?"

"मोबाईलवर पत्ते खेळतो. म्हणतो, आता मोठ्या टेबलावर बसायची वेळ आली."

मैत्रिणींनो, खरं सांगते, आधी मला रागच आला. चाकणला कंपनीत कंत्राटावर लागलेलं २३ वर्षांचं पोर. पगार १७ हजार. आणि त्याला गटाचे, म्हणजे बारा बायकांनी महिन्याला शंभर-शंभर टाकून साठवलेले पैसे पत्त्यांवर लावायचे होते. पण रागावून काही होत नाही, हे एवढ्या वर्षांच्या सामाजिक कामात शिकले आहे. दारू पिणाऱ्याला शिव्या देऊन कुणाची दारू सुटलेली मी पाहिली नाही. म्हणून म्हटलं, रविवारी येऊ दे त्याला. आधी त्याचं ऐकून घेऊ.

तो आला. आढेवेढे न घेता बोलला, हे मला आवडलं. "मोठीआई, तू बी. ए. झालीस, बँकेचे व्यवहार बघतेस. तुला समजेल. मला एवढंच सांग, वरच्या टेबलावर कधी जायचं?" मग त्याने मला खेळ समजावला. पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीच्या भावकीतलाच खेळ. हातात दोन पत्ते, टेबलावर पाच उघडे. या सातांतून पाच पत्त्यांचा चांगल्यात चांगला मेळ जमवायचा, आणि मधे मधे पैसे लावत जायचे. टेबलं जिन्याच्या पायऱ्यांसारखी. सगळ्यांत खाली एक-दोन रुपयांचं टेबल, तिथं साधारण दोनशे रुपये घेऊन बसतात. मग पाच-दहाचं, तिथं हजार लागतात. मग पंचवीस-पन्नासचं, तिथं पाच हजार. त्याच्या वर जिना कुठवर जातो ते खालून दिसतच नाही. आमचा गडी पाच-दहाच्या पायरीवर होता. मार्चमधल्या एका रात्री त्याने १८ हजार जिंकले होते. त्या रात्रीचा फोटो त्याने मोबाईलमध्ये जपून ठेवला होता, लग्नाच्या फोटोसारखा.

मी विचारलं, "या खेळात जे मुरलेले आहेत ते काय म्हणतात? ते कधी वर जातात?"

तर त्याचे डोळे चमकले. त्याने मला ख्रिस फर्ग्युसन नावाच्या अमेरिकन खेळाडूची गोष्ट सांगितली. हा गृहस्थ २००० साली पोकरचा जगज्जेता झाला. २००६ मध्ये त्याने एक पैज लावली : खिशातला एक पैसाही न घालता, फुकटच्या स्पर्धांतून सुरुवात करून, दहा हजार डॉलर करून दाखवायचे. दीड वर्षाच्या आसपास लागलं, पण करून दाखवले. त्याने स्वतःला एक नियम घालून घेतला होता. जवळ जेवढी पुंजी असेल, तिचा विसावा भागच एका वेळी टेबलावर न्यायचा. पुंजी वाढली तरच वरची पायरी. आणि पुंजी घटली, तर नाक मुठीत धरून खालच्या पायरीवर परत. जगज्जेता माणूस, पण पुंजी घटली की चिल्लरच्या टेबलावर जाऊन बसायचा.

"म्हणजे नियम काय झाला?" मी विचारलं.

"टेबलावर जेवढे घेऊन बसायचं, त्याच्या वीस-तीस पट पुंजी पाहिजे."

"पंचवीस-पन्नासच्या टेबलाला पाच हजार लागतात म्हणालास. त्याच्या वीस पट किती?"

तो थांबला. "एक लाख."

"आणि तू आईकडून किती मागतोस? चाळीस हजार. म्हणजे आठच पट. तेही उसने. फर्ग्युसनने उसने घेतले होते का?"

उत्तर आलं नाही. बघा, मी माझं काही सांगितलंच नव्हतं. त्याच्याच खेळाचा, त्याच्याच गुरूचा नियम त्याला परत वाचून दाखवला. आणि त्या गोष्टीचा उरलेला भाग मी नंतर शोधून वाचला. फर्ग्युसन ज्या ऑनलाइन पोकर कंपनीच्या चालकांपैकी एक होता, तिच्यावर अमेरिकन सरकारने २०११ मध्ये कारवाई केली, तेव्हा खेळाडूंनी खात्यात ठेवलेले पैसे परत द्यायला कंपनीकडे पुरेशी रक्कमच नव्हती. स्वतःच्या पुंजीचा विसावा भाग मोजणाऱ्या माणसाच्या कंपनीत लोकांच्या पुंजीची ही गत! अमेरिकेतल्या खेळाडूंना पैसे मग काही वर्षांनी, सरकारमार्फत परत मिळू लागले. म्हणजे पायरीचा नियम पाळूनसुद्धा जिनाच दुसऱ्याच्या मालकीचा असतो, हे विसरून चालत नाही.

मग मी गटाची एक कोरी वही काढली. "आता हिशेब लिहू. आम्ही लिहितो तसा. डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले." त्याच्या मोबाईलवर बँकेचं सात महिन्यांचं स्टेटमेंट उघडलं. एकेक ओळ तो वाचत गेला आणि मी लिहीत गेले. दोनशे, पाचशे, पाचशे, हजार, परत हजार. रात्री एक वाजता, दोन वाजता. पगाराच्या दुसऱ्या दिवशी तर एका रात्रीत चार वेळा. चहा दोनदा झाला. बेरीज केली. खेळात भरलेले ६१ हजार ४००. परत खात्यात आलेले ३८ हजार २००, आणि यात ती मार्चमधली १८ हजारांची रात्रही आली. तोटा २३ हजार २००.

तो त्या आकड्याकडे बघत राहिला. खोटं बोलत नव्हता हो तो! त्याला खरंच वाटत होतं की आपण जिंकतोय. जिंकलेली एक मोठी रात्र लक्षात राहते आणि हरलेल्या साठ छोट्या रात्री विसरतात. आपण नाही का, लग्नातली एक स्वस्तात मिळालेली पैठणी वीस वर्षं सांगत राहतो? महागात पडलेल्या दहा साड्यांचं नाव कुणी काढत नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "सुरुवातीचे शिकण्यात गेले, मोठीआई. आता जमायला लागलंय."

हे वाक्य ऐकलं आणि मला आमचाच जुना हिशेब आठवला. हेच वाक्य मी स्वतः बोलले होते, याच पडवीत.

आमच्याकडे भीमाशंकरच्या या पट्ट्यात भातानंतर घराला हात देतो तो हिरडा. बांधावरची, डोंगरातली झाडं. उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा झोडायचा, वेचायचा, वाळवायचा आणि विकायचा. वाळवलेला माल नीट प्रतवारी करून थोडा थांबून विकला तर दोन पैसे जास्त मिळतात. म्हणून २०१६ साली आमच्या गटाने बायकांकडूनच थोडा हिरडा घेतला, सहा हजारांचा. चांगला फायदा झाला. २०१७ ला १५ हजार घातले, परत फायदा. मग आम्हाला वाटलं, आता जमलं! २०१८ ला गटाची बचत आणि बँकेचं कर्ज मिळून १ लाख १० हजार लावले. आणि वाळत घातलेल्या मालावर वळवाचा पाऊस आला. झाकायला तेवढी ताडपत्रीच नव्हती, कारण एवढा माल आम्ही कधी हाताळलाच नव्हता. हिरडा काळा पडला, बुरशी धरली. ३४ हजारांचा तोटा. तो भरायला चौदा महिने लागले. दोन बायका गट सोडून गेल्या, त्यातली एक आजही माझ्याशी धड बोलत नाही.

आमचं चुकलं कुठं? दोन वर्षं पाऊस वेळेवर आला नाही, हे आमचं कौशल्य नव्हतं. ते नशीब होतं. पण आम्ही ते आमच्या खात्यावर जमा केलं. दोन वर्षांत तुम्ही हुशार आहात की नशीबवान, हे कळत नाही. पोकरचे जाणकारही तेच सांगतात. हजारो डाव खेळून काढल्याशिवाय आपण खरंच चांगले खेळतो की पत्ते चांगले येत होते, ते समजत नाही, म्हणून ते पन्नास-पन्नास हजार डावांच्या नोंदी ठेवतात. आमच्या पोराचे सात महिन्यांत आठ-नऊ हजार डाव झाले होते, आणि नोंद एकाचीही नव्हती.

त्या तोट्यानंतर आम्ही एक शहाणपण केलं. हिरडा सोडला नाही, पण परत दहा हजारांवर आलो. लाज वाटली, गावात लोक हसले. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, जुन्नर-आंबेगावातली हिरड्याची कितीतरी झाडं मोडली, उन्मळून पडली, तेव्हा आमचा गट बुडाला नाही. पुंजी घटल्यावर खाली उतरलो होतो, म्हणून वाचलो. फर्ग्युसनचं नावही तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

आता कुणी म्हणेल, मग हिरड्याचा धंदा आणि पोकर सारखंच की! दोन्हीकडे नशीब, दोन्हीकडे कौशल्य. नाही, एक मोठा फरक आहे. हिरड्याचं काहीतरी होतं. तो औषधात जातो, रंगात जातो, कातडी कमावण्यात जातो. कुणाला तरी तो हवा असतो, म्हणून पैसे बाहेरून गावात येतात. पत्त्यांच्या टेबलावर बाहेरून काहीच येत नाही. सहाजण बसले, तर त्या सहाजणांचेच पैसे फिरतात. आणि प्रत्येक मोठ्या डावातून कंपनी आपला वाटा काढून घेते, बहुतेक ठिकाणी शंभरातले चार-पाच रुपये. आपल्याकडच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर त्याला 'नाल' म्हणतात. समोरासमोर बसून पत्ते वाटले तर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. मोबाईलवर एका टेबलावर साठ-सत्तर होतात, आणि काहीजण तर एकाच वेळी दोन-दोन टेबलं उघडतात. नालही तेवढ्याच वेगाने जाते. त्यात १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. म्हणजे दुसऱ्यापेक्षा थोडं बरं खेळून भागत नाही. नाल आणि कर भरून वर उरेल एवढं बरं खेळावं लागतं. तसे खेळणारे असतात, मी नाही म्हणत नाही. पण ते फार थोडे, आणि वरच्या पायरीवर तेच आपली वाट बघत बसलेले असतात!

"हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही," असं पोरं सांगतात, कारण जाहिरातींनी त्यांना तसं सांगितलं. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं होतं, हे खरं. पण ते रमीबद्दल. पोकरबद्दल गुजरात हायकोर्टाने २०१७ मध्ये उलट मत दिलं. आणि आईच्या दृष्टीने या वादाला काय अर्थ? कौशल्याने हरलेले पैसेसुद्धा हरलेलेच असतात. आपल्याच पुणे जिल्ह्यात २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला मोबाईलवरच्या क्रिकेटच्या खेळात दीड कोटी लागले. सगळ्या वाहिन्यांवर झळकले. पाठोपाठ खात्याने निलंबित केलं. आमच्या पोराला दीड कोटी पाठ होते, निलंबन आठवत नव्हतं.

हिरड्यावरून आठवलं. हिरडा, बेहडा, आवळा मिळून त्रिफळा होतो, हे आपल्याला माहीत आहे. पण पूर्वीच्या काळी जुगाराचे फासे म्हणून याच बेहड्याची फळं वापरत, हे मला बी. ए. ला असताना कळलं. आणि महाभारतातल्या नळराजाच्या गोष्टीतही हेच झाड आहे. नळ द्यूतात हरत गेला आणि हरता हरता डाव वाढवत गेला. दमयंतीने ओळखलं की हा आता थांबत नाही. तिने काय केलं? सारथ्याबरोबर दोन्ही लेकरं विदर्भात माहेरी पाठवून दिली. सगळं जायच्या आधी! तिच्या रडण्याचं वर्णन आपल्याला लक्षात राहतं, पण या शहाणपणाकडे आपलं लक्ष जात नाही. पुढे नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. वाटेत एक बेहड्याचं झाड लागलं. राजाने नुसतं बघून त्याची पानं-फळं किती ते सांगितलं. नळाने रथ थांबवला आणि मोजून पाहिलं, तर बरोबर. मग त्याने राजाकडून ती विद्या मागून घेतली, तेव्हा कुठे त्याच्या अंगातला कली बाहेर पडला आणि त्या झाडात शिरला. नळ परत डावाला बसला तो त्यानंतर. आधी मोजायला शिकला! आमच्या पडवीत त्या रविवारी वहीवर बेरीज झाली, तेव्हा मला हीच गोष्ट आठवत होती.

आता आपल्या बचत गटाकडे बघा. १९९२ साली नाबार्डने गट बँकांना जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून एक पद्धत पडली आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. या पाच गोष्टी सहा महिने नीट चालल्या, तर बँक कर्जाचा विचार करते. जुन्या नियमात पहिलं कर्ज बचतीच्या एक ते चार पट. ते फेडलं, की पुढचं मोठं. हा जिनाच आहे. पण या जिन्यावर पायरी वाढते ती फेडीच्या नोंदीवर, मनाच्या उसळीवर नाही. आणि ठरवतात दहा-बाराजणी, दिवसाउजेडी, एकमेकींच्या तोंडावर प्रश्न विचारून. "एवढ्या शेळ्यांना चारा कुठून आणशील गं?" असं विचारणारी एक तरी असतेच. रात्री दोन वाजता गोधडीत मोबाईल घेऊन बसलेल्या पोराला चाऱ्याचा प्रश्न विचारणारं कोण आहे? तिथं त्याच्यासमोर फक्त एक हिरवं बटण असतं, 'पैसे भरा'.

ही गोष्ट घडली आणि दोनच महिन्यांत केंद्र सरकारने कायदा केला. संसदेत मंजूर होऊन २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे. देशातली ४५ कोटी माणसं या खेळांत वर्षाला २० हजार कोटी रुपये घालवतात, असा सरकारचा अंदाज होता. भागाकार केला तर माणशी साडेचारशेही येत नाहीत. पण घर सरासरीवर चालत नाही. कुणाचे पन्नास रुपये गेले, कुणाची विहीर गहाण पडली.

मोठ्या कंपन्यांनी लगेच पैशांचे खेळ बंद केले. पुढे त्यातल्या काहीजणी कोर्टातही गेल्या. जाऊबाईंना वाटलं, सुटलो. पण कायद्याने दुकान बंद होतं, तल्लफ बंद होत नाही. परदेशातल्या साइट्स आहेत, मोबाईलवर चिठ्ठी पाठवून "आमच्याकडे चालू आहे" सांगणारे दलाल आहेत. तिथं तर पैसे बुडाले तर दाद मागायलाही जागा नाही. म्हणून कायदा आला तरी घरातली वही मिटवू नका.

माझ्याकडे बायका विचारायला येतात, त्यांना मी जे सांगते ते इथंही सांगते. पहिलं, पोराचा किंवा नवऱ्याचा मोबाईल फोडू नका. दुसरा येतो, आणि मग तो लपवतो. त्याच्याबरोबर बसून बँकेचं स्टेटमेंट वाचा, आणि बेरीज त्यालाच करू द्या. दुसरं, त्याचं कर्ज "एकदाचं फेडून टाकू" म्हणून डोरलं मोडू नका. एकदा फेडलं की पुढच्या वेळी तुमचं डोरलंच त्याची पुंजी होते. देणेकरी कोण, किती, याची यादी करा आणि हप्ते त्याच्या पगारातून बांधा. तिसरं, गटाचं, पतपेढीचं कर्ज खोटं कारण लिहून काढू नका. तिथं फक्त तुमची सही नसते, बाराजणींची अब्रू असते. चौथं, पैसे फसवणुकीने गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. पोर झोपत नाही, जेवत नाही, जिवाचं बरंवाईट बोलतंय असं दिसलं तर १४४१६ हा सरकारचा मानसिक आरोग्याचा मोफत क्रमांक आहे. तिथं मराठीत बोलता येतं. हे लाजेचं काम नाही. ताप आला तर आपण सरकारी दवाखान्यात जातोच ना!

आता अर्जाचं काय झालं ते सांगते. पुढच्या बैठकीत जाऊबाईंनी उभं राहून सगळं खरं सांगितलं. पदर तोंडाला लावून, पण सांगितलं. मला वाटलं बायका बोलतील. तर एक मावशी म्हणाल्या, "अगं, तुझी तीन कर्जं फिटली. दर वेळी पंधराच हजार घेतेस. दोन शेळ्या होत्या त्या दोनच राहिल्या. तू स्वतःसाठी वरची पायरी कधी चढणार?"

मैत्रिणींनो, हे मी आजवर बघितलंच नव्हतं. पोराने सात महिन्यांत, तोट्यात असताना, विचारलं की वर कधी जायचं. आणि त्याच्या आईने नऊ वर्षं नफ्यात राहून तो प्रश्न कधी विचारला नाही! आपल्यातल्या कितीजणी अशा आहेत. शिवणाचं एकच मशीन, पापडाचं तेच दोन किलोचं गिऱ्हाईक, त्याच दोन शेळ्या. वही सांगत असते की चढ, आणि आपण म्हणतो, नको बाई, आहे ते बरं आहे. ज्याने थांबायचं तो पळतो, आणि जिने चालायचं ती बसून राहते.

डाव वाढवायचा कधी, याचं उत्तर दोघांनाही एकाच वहीत मिळालं. पोराच्या पानावर लिहिलं होतं, नको. आईच्या पानावर लिहिलं होतं, आता चढ. गटाने अर्ज मंजूर केला. कारण तेच, शेळीपालन. फक्त या वेळी ते खरं होतं. आज गोठ्यात सात शेळ्या आहेत. त्यातली एक पहिल्याच पावसात दगावली होती, तेही वहीत लिहिलेलं आहे.

आणि पोर? खेळ सोडला म्हणतो. त्याच्यावर नुसता विश्वास ठेवून मी बसलेली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो येतो, स्टेटमेंट उघडतो आणि आम्ही दोघं ओळी वाचतो. एक महिना आला नव्हता, तेव्हा मीच चाकणला गेले होते. त्या महिन्यात उजवीकडे बाराशे रुपये होते. लिहून ठेवले आहेत.